कंसातलं नाव

९ फेब्रुवारी

बारक्या,

हॉस्पिटलच्या जनुक विभागाचा फॉर्म मिळाला. 'रक्ताचे जवळचे नातेवाईक' या रकान्यात माझा पत्ता तुझ्या अक्षरात आहे. 'र'ची शेपटी अजून तशीच लांबवतोस. घराचा क्रमांकसुद्धा बरोबर आहे. पत्ता तुझ्या लक्षात आहे, एवढ्याच आधारावर हे पत्र लिहायला बसले आहे. फोन तू उचलत नाहीस, आणि फोनवर माझ्यावर विश्वास ठेवण्याचं तुला आता काही कारणही उरलेलं नाही.

रक्त काल देऊन आले. इथल्या प्रयोगशाळेतून ते तुमच्याकडच्या हॉस्पिटलला जाईल. सुई टोचण्याआधी परिचारिकेने विचारलं, "घरात कुणाला फिट येतात?"

"भावाच्या मुलीला."

"आणखी कुणाला?"

"मला."

"कधीपासून?" तिने मानसुद्धा वर केली नाही. मी आकडा सांगितला, तिने चौकोनात खूण केली आणि मूठ आवळायला सांगितली. बावीस वर्षं मला वाटत होतं की हे तोंडातून निघालं तर छत खाली येईल. छत जागच्या जागी होतं. दंडाला कापूस लावून मी बाहेर आले, पायऱ्यांवर बसले आणि बराच वेळ उठलेच नाही.

तुला हे सगळं आईकडून कळलं, तेही तुझी भिंगरी अतिदक्षता विभागात असताना, हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून. माझ्या तोंडून तू कधीच ऐकलं नाहीस. म्हणून आता पहिल्यापासून सांगते. वाचायचं की नाही ते तुझं तू ठरव.

मला पहिली फिट चोविसाव्या वर्षी आली. पोहण्याच्या तलावावर, पोरांची सकाळची तुकडी सोडून मी कपडे बदलायच्या खोलीत गेले होते. शुद्धीवर आले तेव्हा जीभ चावलेली, कोपर फुटलेलं आणि जीवरक्षक बाई माझ्या डोक्याखाली ओला टॉवेल सरकवत होती. ती म्हणाली, "पाच मिनिटं आधी आली असती तर तू पाण्यात असतीस. आणि तुझ्याबरोबर सात पोरं." तिने कुणाला सांगितलं नाही. मीच तिला तसं म्हटलं होतं.

आई मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. गोळ्या सुरू झाल्या. फिट थांबल्या. बाराव्या दिवशी ताप आला. मग डोळे लाल झाले, मग तोंड आतून सोलवटलं, मग अंगावर डाग उठले, आणि पुढच्या तीन दिवसांत पाठीची कातडी ओल्या कागदासारखी चादरीला चिकटून यायला लागली. मला दुसऱ्या गावच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. महिनाभर तिथे होते. तू तेव्हा पंधरा वर्षांचा होतास. तुला सांगितलं, ताईला कांजिण्या झाल्यात, लागण होईल, यायचं नाही.

तू मला चिठ्ठी पाठवली होतीस. तुला आठवत नसेल. 'खाजवू नकोस, डाग राहतात.' आईने ती वाचून दाखवली, कारण माझे डोळे उघडत नव्हते.

घरी सोडताना डॉक्टरांनी एका कार्डावर औषधाचं नाव लिहून दिलं. ही गोळी आणि हिच्या जातीच्या गोळ्या पुन्हा जन्मात घ्यायच्या नाहीत, आणि रक्ताच्या नात्यातल्यांना सांगून ठेवा. आईने कार्ड घडी करून पर्समध्ये टाकलं. बसमध्ये ती म्हणाली, "कांजिण्या म्हणजे कांजिण्या. बारक्याची शाळा आहे, पुढे त्याचं लग्न आहे. तुझी नोकरी आहे. एकदा तोंडावाटे गेलं की परत आत घालता येत नाही." मी मान हलवली. आई आता नाही. सगळं तिच्या नावावर ढकलता आलं असतं. पण मी चोवीस वर्षांची घोडी होते, आणि नोकरी मला हवी होती.

मला दुसरी गोळी लागू पडली. वर्षा-दोन वर्षांत एखादी फिट, तीही झोपेत. त्यानंतर मी पाण्यात उतरले नाही. बावीस वर्षं काठावर उभी राहून पोहायला शिकवलं. हातात लांब काठी, गळ्यात शिट्टी. पोरं मला 'कोरड्या बाई' म्हणतात. तूही चिडवायचास, "ताई, तुला पाणी चावतं का?" मी हसायचे.

दोन वर्षांपूर्वी तू तलावावर आलास तो दिवस मी विसरलेले नाही. नवी तुकडी होती, अकरा पोरं कठड्याला धरून पाय आपटत होती. तू बूट न काढता ओल्या फरशीवरून चालत आलास. मला वाटलं मारशील. तू एवढंच म्हणालास, "तुला कांजिण्या झाल्या होत्या ना, ताई?" आणि गेलास. आईच्या शेवटच्या दिवशीसुद्धा तू खोलीच्या पलीकडच्या भिंतीला टेकून उभा होतास.

एक गोष्ट मात्र पुन्हा सांगते. तू फोनवर भिंगरीच्या गोळीचं नाव सांगितलंस तेव्हा ते मला ओळखू आलं नाही. माझ्या वेळी ती दुसऱ्या कंपनीच्या नावाने मिळायची. हे मी आईबरोबर निरोप पाठवून तुला तेव्हाच कळवलं होतं.

भिंगरीचे डोळे कसे आहेत?

ताई


६ मार्च

बारक्या,

उत्तराची वाट पाहिली नाही असं म्हणणार नाही. पाहिली.

गेल्या आठवड्यात मला तुमच्या हॉस्पिटलातून बोलावणं आलं होतं. म्हणजे मी तुझ्या शहरात होते, तुझ्या घरापासून चार थांब्यांवर. तुला कळवलं नाही. भेटायचं ठरवून आले असं तुला वाटू नये म्हणून.

जनुकांबद्दल समजावून सांगणाऱ्या बाई फार बारीक चणीच्या आहेत, आवाज मात्र खणखणीत. तुलाही त्यांनी समजावलं असेलच, तरी मला जे कळलं ते लिहिते.

मी त्यांना विचारलं, "म्हणजे फिट माझ्याकडून तिच्याकडे गेल्या का?"

त्या म्हणाल्या, "तुम्ही तिची आई नाही. तुमच्याकडून तिच्याकडे काहीच गेलेलं नाही. तुमच्या आईवडिलांकडून तुमच्याकडे आलं आणि तुमच्या भावाकडे आलं. भावाकडून मुलीकडे."

"पण त्याला तर कधी फिट आली नाही."

"नाही आली. फिट येण्याचा कल असा एका जनुकात लिहून ठेवलेला नसतो, निदान तुमच्या घरात तरी नाही. बऱ्याच ठिकाणी थोडं थोडं असतं. कुणाच्या वाट्याला ते पुरेसं जमतं, कुणाच्या नाही. घरात एकाला आहे म्हटल्यावर दुसऱ्याला असण्याची शक्यता जरा वाढते. तेवढंच."

मग त्यांनी दुसरा कागद पुढे ओढला. "हे वेगळं प्रकरण आहे. याचा फिटशी संबंध नाही." एचएलए म्हणून जनुकांचा एक गट असतो. आपलं कोण आणि परकं कोण हे शरीर त्यावरून ओळखतं. त्यातला एक ठरावीक प्रकार ज्यांच्यात असतो त्यांच्यापैकी काहींचं शरीर ही एक गोळी पोटात गेली की स्वतःच्याच कातडीवर उठतं. सगळ्यांचं नाही. काहींचं. तो प्रकार माझ्यात आहे, तुझ्यात आहे, भिंगरीत आहे. आईत किंवा बाबांत होता, कुणात ते आता कळायला मार्ग नाही. दोघांपैकी एक जण तो घेऊन सबंध आयुष्य जगलं आणि कधी पत्ता लागला नाही, कारण त्या माणसाला ती गोळी घ्यायची वेळच आली नाही.

दोन वेगळ्या वाटांनी दोन गोष्टी आल्या आणि आपल्या घरात दोनदा एकत्र गाठ पडली. पहिल्यांदा माझ्यात. तेव्हा कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. दुसऱ्यांदा कारण होतं.

बाईंनी हे बोलून दाखवलं नाही. त्यांनी विचारलं, "तुमचा आधीचा त्रास डॉक्टरांना आधी कळला असता तर त्यांनी ही गोळी दिलीच नसती. तपासणी तरी केली असती. भावाने तुम्हाला विचारलं नव्हतं?"

"विचारलं होतं."

"मग?"

मी म्हटलं, "कंपनीचं नाव वेगळं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण लावलं. बारक्या, मी बावीस वर्षं पोरांना शिकवलं आहे. पोरगं "पाय टेकले नाहीत" म्हणतं तेव्हा ते टेकले होते की नाही हे मला काठावरून कळतं. त्यांनाही तसंच कळलं असणार.

परत आल्यावर मी तलावाच्या व्यवस्थापकांकडे गेले. आमच्याकडे दरवर्षी एक फॉर्म असतो, त्यात 'फिट, चक्कर, बेशुद्धी' असा प्रश्न असतो आणि मी दरवर्षी 'नाही' लिहीत आले. त्यांना सगळं सांगितलं. ते मोठ्याने ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "बाई, माझा नातू तुमच्या तुकडीत शिकला." दुसऱ्या दिवसापासून मला तिकीट खिडकीवर बसवलं आहे. खिडकी खालून उघडी आहे, तिथून लोकांचे फक्त हात दिसतात. पोरांचे हात मी ओळखते. ती वाकून आत बघतात आणि विचारतात, "कोरड्या बाई, तुम्ही इथे का?" मी म्हणते, "बढती मिळाली."

हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. बरं वाटावं असं यात काही नाही.

ताई


२० मार्च

बारक्या,

घाईने लिहिते आहे, कारण या वेळी तुझ्याकडून उत्तर हवंच आहे.

भिंगरीचं पत्र आलं. तिने तुझ्या फाइलमधून पत्ता उतरवून घेतला असं तिनेच लिहिलं आहे. 'बाबा ओरडतील, पण मी तेरा वर्षांची आहे.' अक्षर मोठं मोठं, एका पानावर सात-आठ ओळी. मोठं का, ते मला कळतं.

तुला न सांगता मी तिला उत्तर देणार नाही. लपवाछपवीचा माझा वाटा संपला. तिचं बाकीचं पत्र इथे जसंच्या तसं उतरवते.

'आत्या, तुला पण हेच झालं होतं म्हणून तुला विचारते. इथे कुणाला विचारलं की ते म्हणतात डॉक्टरांना विचारू. डॉक्टरांना झालेलं नाही.

१. तुझ्या पापण्यांचे केस आतल्या बाजूला वळतात का? माझे दर महिन्याला उपटतात.

२. सकाळी डोळे चिकटतात तेव्हा तू काय करतेस?

३. नखं सरळ आली का? माझ्या अंगठ्याचं वाकडं आलंय.

४. नवीन गोळीने फिट थांबल्यात पण मला प्रत्येक गोळीची भीती वाटते. तापाची पण. आई चिडते. तुझी भीती किती वर्षांनी गेली?

५. बाबा आईला सांगत होते की त्यांनी तुला फोनवर गोळीचं नाव वाचून दाखवलं होतं. तेव्हा तुला कळलं होतं का?

खरं लिही. शाळेत मला सगळे गोड बोलतात आणि मग मागून गॉगलवाली म्हणतात. गोड बोललेलं मला लगेच कळतं.'

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं मी आत्ता बसून देऊ शकते. पाचव्यासाठी तुझी परवानगी हवी. 'देऊ नकोस' म्हणालास तर देणार नाही, आणि तिला तसं कळवेन. एक शब्द पाठव.

ताई


२ एप्रिल

भिंगरे,

तुझ्या बाबांची एक ओळ आली. 'लिही. पण थापा मारू नकोस.' म्हणून आता लिहिते. हे पत्र तू आधी वाच आणि मग बाबांना दे. पाचव्या प्रश्नाचं उत्तर त्यांनाही अजून ठाऊक नाही.

पहिला प्रश्न. माझ्या डाव्या डोळ्याच्या खालच्या पापणीचे वळतात, उजव्याचे नाहीत. तुझ्याइतकं माझं झालं नव्हतं. मीही उपटून घेते. उपटल्यावर डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं ते तासाभरात जातं, पण त्या तासात वाचायला बसू नकोस.

दुसरा. कधीही ओढून उघडायचे नाहीत. मी पहिले सहा महिने ओढायचे, मूर्ख होते. थेंबांची बाटली उशाशी ठेव. डोळे मिटलेलेच असू देत, कोपऱ्यात दोन थेंब सोड, शंभरपर्यंत मोज, मग आपोआप सुटतात. पंख्याच्या तोंडाशी झोपू नकोस. बसमध्ये खिडकीत बसू नकोस, कितीही वाटलं तरी.

तिसरा. नऊ सरळ आली. उजव्या अंगठ्याचं वाकडंच राहिलं. बाटलीचं झाकण उचकटायला फार उपयोगी पडतं.

चौथा. अजून गेलेली नाही. कुठलंही नवीन औषध असलं की मी कागदावरची बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचते आणि औषधवाल्याला दोनदा विचारते. तो मला बघितलं की चष्मा काढून ठेवतो. तू चिडू नकोस आणि आईला चिडू देऊ नकोस. तिला सांग, ही भीती नाही, ही चौकशी आहे. बिनधास्त करायची. मी ती स्वतःसाठी बावीस वर्षं केली आणि तुझ्यासाठी एकदाही केली नाही.

आता पाचवा.

तुझ्या बाबांचा फोन आला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. मी आणि तुझी आजी जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत होतो. बाबा म्हणाले, "ताई, भिंगरी वर्गात पडली. फिट आली. डॉक्टर विचारतायत, घरात कुणाला आहे का? मी नाही म्हणून सांगितलंय. बरोबर ना?"

आजीला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. नाही. मी म्हटलं, "नाही रे. कुणालाच नाही."

मग बाबा म्हणाले, "गोळी दिलीय. तू औषधांचं फार वाचत असतेस, ऐक जरा." आणि त्यांनी नाव वाचलं. ते कंपनीचं नाव होतं, आणि ते मला खरंच माहीत नव्हतं. इथपर्यंत मी तुझ्या बाबांना जे सांगत आले ते खरं आहे.

पण बाबा तिथे थांबले नाहीत. ते लिफ्ट दुरुस्त करतात, पाटीवरचा प्रत्येक अक्षर-आकडा वाचायची त्यांना सवय आहे. ते म्हणाले, "आणि खाली कंसात बारीक अक्षरात लिहिलंय, थांब. का-र्बा-मा-झे-पिन."

मला कळलं.

भिंगरे, मला तेव्हाच्या तेव्हा कळलं. कार्डावर हेच नाव होतं. कार्ड आजीने कुठे ठेवलं मला माहीत नव्हतं, पण ते नाव मी झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. माझ्या हातातली शेंग खाली पडली. आजीने ती उचलून टोपलीत टाकली.

मी म्हटलं, "डॉक्टरांनी दिलीय म्हणजे बरोबरच असणार."

हे माझे शब्द आहेत. कुणी माझ्याकडून वदवून घेतले नाहीत. आजीने मान हलवली होती ती फिटच्या प्रश्नाला. गोळीचं नाव तिच्या लक्षातही नव्हतं.

मी गप्प का बसले याची कारणं मी त्या दिवशी स्वतःला दिली होती. लाखो लोक ही गोळी घेतात आणि त्यांना काही होत नाही. वीस वर्षांत औषध सुधारलं असेल. तू मी नाहीस, तुझी आई वेगळ्या घरची आहे. ही सगळी कारणं मी तेवढा एक फोन ठेवता यावा म्हणून गोळा केली. खरं कारण एवढंच, की नाव सांगायचं तर फिटचं सांगायला लागलं असतं, आणि एक मिनिटापूर्वीच मी 'कुणालाच नाही' म्हणाले होते. दिलेला शब्द फिरवायची मला लाज वाटली. आणि महिनाअखेरीला तलावाचा फॉर्म भरायचा होता.

ठरवलं, उद्या फोन करू. दुसऱ्या दिवशी ठरवलं, संध्याकाळी करू. तिसऱ्या दिवशी बाबांचाच निरोप आला, 'एकही फिट नाही, पोरगी मजेत.' मला इतकं हलकं वाटलं की मी पोरांना पंधरा मिनिटं जास्त खेळू दिलं. असे आठ दिवस गेले. रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक, आठ दिवसांच्या सोळा गोळ्या. मी हे पुन्हा पुन्हा मोजते.

नवव्या दिवशी मी फोन केला. बाबा म्हणाले, "ताप आहे तिला कालपासून, डोळे लाल झालेत." मी म्हटलं, "ती गोळी बंद कर." ते म्हणाले, "का? डॉक्टरांनी बजावलंय, एकदम बंद केली तर फिट येईल." त्या वेळीसुद्धा मी सांगू शकले असते. मी म्हटलं, "कुठेतरी वाचलं होतं मी." तेवढ्यावर कोण गोळी बंद करेल? त्यांनी त्या दिवशी दोन्ही गोळ्या तुला दिल्या. त्या दोन गोळ्यांसाठी ते स्वतःला दोष देत असतील. त्यांना सांग, त्या मी दिल्या.

तू खरं मागितलंस म्हणून सगळं लिहिलं. माफी मागायची तर आहेच, पण ती या पत्रात घालत नाही. माफी मागितली की समोरच्याला काहीतरी बोलावं लागतं, आणि तुला काहीही बोलायची सक्ती नाही.

तुझी आत्या


२५ एप्रिल

बारक्या,

तुझं पत्र काल आलं. तू शिव्या दिल्या नाहीस. तू लिहिलंस, 'पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर तिच्या पोटात एकच गोळी गेली असती.' तुझा हिशोब बरोबर आहे.

तू हेही लिहिलंस की तुला शंका होती. दोन वर्षं. 'मी कंसातलं वाचलं होतं की नाही हेच मला आठवेनासं झालं होतं. मला वाटायचं मीच वाचलं नसेल, माझीच चूक.' बारक्या, हे मला माहीत नव्हतं. मी 'कंपनीचं नाव वेगळं' म्हणत राहिले आणि तू तिकडे स्वतःच्या आठवणीवर संशय घेत बसलास. तिच्या डोळ्यांचं मी केलं ते आठ दिवसांत. तुझं हे मी दोन वर्षं, रोज करत होते.

तू वाचलं होतंस. अक्षर अन् अक्षर. मी शपथेवर सांगते.

त्याच पाकिटात भिंगरीची चिठ्ठी होती. तू ती वाचली नाहीस असं तिने घडीवरच लिहिलं आहे, म्हणून उतरवून देते. आता तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं ठरलं आहे.

'आत्या, मी खूप चिडले आहे. बाबा जेवले नाहीत. आई म्हणाली पत्र फाडून टाक. मी फाडलं नाही कारण शंभरपर्यंत मोजायची युक्ती चालते. बारा तारखेला माझ्या पापणीचं ऑपरेशन आहे, तोंडातल्या आतल्या कातडीचा तुकडा काढून पापणीच्या आत लावणार आहेत. मला भूल दिलेली आवडत नाही आणि तिथे कुणालाच कळत नाही मला काय वाटतं ते. तुला कळेल. तू ये. तू आल्यावर मी तुला काय काय बोलणार आहे ते मी लिहून ठेवलंय, दीड पान झालंय. ते मला तुझ्यासमोर वाचायचंय. तू मधे बोलायचं नाहीस.'

मी अकरा तारखेला सकाळच्या बसने निघते. तिकीट खिडकीवर रजा मागितली, कारण विचारल्यावर खरं सांगितलं. तुमच्या घरी उतरणार नाही. हॉस्पिटलजवळ राहायची सोय बघितली आहे. तुझ्या बायकोला मी समोर नको असेन तर वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसेन, भूल द्यायच्या आधी तेवढं मला आत बोलवा. तिला कुठलंही औषध द्यायच्या आधी त्याचं नाव विचारून घे, कंसातलंसुद्धा. मीही विचारेन. दोघांनी विचारलं म्हणून काही बिघडत नाही.

तू माझ्याशी बोलायलाच हवं असं नाही. पण तिने दीड पान लिहून ठेवलं आहे. ते पूर्ण ऐकून झाल्यावर तू 'जा' म्हणालास तर जाईन. त्याआधी नाही.

ताई